पदरचं एक वाक्य

अंगठा आणि दोन बोटं जुळवून त्यांत नसलेली पेली धरायची आणि मनगट दोनदा हलवायचं. आमच्या मुन्शीजींचं अर्धं बोलणं या एका खुणेत उरकायचं. अरबांच्या बैठकीत कहवा पुरे झाला की पाहुणा रिकामी पेली अशी हलवतो; हलवली नाही तर वाढणारा ओततच राहतो. मुन्शीजींनी ती खूण सगळ्या जगाला लावून टाकली होती. बडा साहेब तणतणत गेला की त्याच्या पाठीमागे हात हलायचा. माझं लग्नाचं रडगाणं तिसऱ्यांदा सुरू झालं की माझ्या तोंडासमोर हलायचा. पुरे, खलास.

तुम्हीही कुठल्या ना कुठल्या कचेरीत असा माणूस पाहिला असेल, ज्याच्यावाचून काही चालत नाही आणि ज्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. मी तेव्हा दुबईला गोऱ्यांच्या राजकीय कचेरीत टायपिस्ट होतो. साठ सालानंतरची ती वर्षं. अमिरातींचा एक देश अजून व्हायचा होता. दर शेखाचं राज्य वेगळं, आणि बाहेरच्या जगाशी बोलायचं ते गोऱ्यांमार्फत. मुन्शीजी आमचे दुभाषी. रत्नागिरीच्या खाडीकाठचे कोकणी मुसलमान, वय पंचेचाळिशीचं, बापाबरोबर गलबतावर येऊन लहानपणीच अरबी शिकलेले. भर जूनमध्येही अंगात काळा कोट. मी विचारलं तर म्हणाले, "कोट काढला तर लोक मला ड्रायव्हर समजतात, बाबू."

त्यांचा एकच गर्व होता. प्रत्येक भाषांतर संपलं की ते आम्हाला सांगायचे, "एवढंच. पदरचं काही नाही." आणि खरोखरच नसायचं. एकदा एका शेखाने आमच्या जुन्या साहेबाबद्दल काही म्हटलं, बैठक खो खो हसली. साहेबाने विचारलं, काय म्हणतात? दुसरा कोणी असता तर गोड काहीतरी सांगून मोकळा झाला असता. मुन्शीजींनी घसा साफ केला आणि शब्दाला शब्द लावून सांगितलं, "सर, ते म्हणतात, आपण म्हाताऱ्या उंटासारखे आहात. खाता पुष्कळ, चालता थोडं." साहेब लालबुंद झाला. मुन्शीजी मात्र पावती फाडून दिल्यासारखे शांत.

त्या काळात वाळवंटातल्या एका शेखाचं फार भाव खाणं चाललं होतं. त्याच्या वाळूखाली तेल आहे असा सगळ्यांना वास लागला होता. उपवर मुलीच्या दारात चार स्थळं एकाच दिवशी यावीत तशी गत. इजिप्तवाल्यांनी शाळामास्तर पाठवले. इराणकडून गालिचे आले. अमेरिकनांनी एअरकंडिशनर दिला. गढीत वीज नव्हती, म्हणून शेखाचा ससाणा त्यावर बसायचा. आमच्या गोऱ्यांनी काय दिलं म्हणाल, तर सल्ला. तोही टाइप करून, तीन प्रतींत. कोण शेखाच्या उजवीकडे बसलं, कोण हसलं, कोण लवकर उठलं, हे टिपायला आमचा साहेब महिन्यातून दोनदा वाळू तुडवत तिकडे जायचा.

त्याच सुमाराला त्याच शेखाच्या किनाऱ्यावर एक लाँच लागली. कागदपत्रांशिवाय आलेली तेवीस माणसं, बहुतेक आपल्या कोकणातली. शेखाच्या शिपायांनी धरून गढीत कोंडली. त्यांत मुन्शीजींचा थोरला भाऊ होता. मासेमारीचा पडाव बुडाला, म्हणून पन्नाशी उलटल्यावर नशीब काढायला निघालेला. शेखाचे लोक म्हणायचे, परदेशी माणसं गोऱ्यांच्या अखत्यारीतली. गोरे म्हणायचे, किनारा शेखाचा. अकरा दिवस हा चेंडू इकडून तिकडे गेला. पुढच्या लाँचने त्यांना परत पाठवणार अशी बातमी होती, आणि भरसमुद्रात अशा लाँचांचं काय होतं ते मुन्शीजींना ठाऊक होतं.

"साहेबांकडे शब्द टाका की," मी म्हणालो.

"टाकला. फाईल बघतो म्हणाले."

"मग थेट शेखांशी बोला. रोज तुमच्याच तोंडून तर बोलतात ते."

मुन्शीजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळलो. "ते तोंड माझं नाही, बाबू. साहेबांचं आहे."

बाराव्या दिवशी आम्ही गढीवर गेलो. साहेब नवा होता, आफ्रिकेतून बदलून आलेला, अरबीच्या नावाने शून्य. मी मागे टाइपरायटर सांभाळत बसलो. चार वर्षांनंतरही मला अरबी बोलता येत नव्हतं, पण कळायचं बऱ्यापैकी. बैठकीला इजिप्तचा माणूस, इराणचा माणूस, तेलकंपनीचे दोघं, असे सगळे वऱ्हाडी हजर. कहवा आला. साहेबाने पेली घेतली, समोर गालिच्यावर ठेवली आणि वही काढून कोण कुठे बसलंय याचा नकाशा काढायला लागला. तोंड लावलंच नाही.

एकेक करून सगळ्यांचे डोळे त्या पेलीवर आले.

पाहुण्याने कहवा न पिता पेली खाली ठेवली, तर त्याचा अर्थ तिथे एकच. माझी एक मागणी आहे, ती पुरी केल्याशिवाय तुमच्या घरचा घोटही घेणार नाही. यजमानाला मग विचारावंच लागतं, आणि शक्यतो द्यावंच लागतं. साहेबाला याचा पत्ताच नव्हता. तो आपला पेन्सिलीला टोक काढत होता. इराणी आणि इजिप्शियन मात्र माना पुढे काढून बसले. गोऱ्याने आता तेल मागितलं, असंच दोघांना वाटलं असणार.

शेखाने विचारलं, "काय हवंय तुझ्या साहेबाला?"

साहेबाकडे वळून हे इंग्रजीत सांगायचं, एवढंच मुन्शीजींचं काम. साहेबाने गडबडून पेली उचलली असती आणि विषय मिटला असता. मुन्शीजी वळले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते गालिच्याकडे बघत राहिले. कोटाच्या कॉलरीतून त्यांचा घाम मानेवर उतरताना मला दिसत होता. मग ते अरबीत म्हणाले, "साहेबांची विनंती आहे, गढीतली तेवीस माणसं सोडावीत."

साहेब अजून पेन्सिलीच्या टोकावर फुंकर मारत होता.

शेखाने साहेबाकडे नीट पाहिलं, आणि तो मोठ्याने हसला. "हे सगळे मला वाळूखालचं मागतात. याने वाळूवरचं मागितलं. पी बाबा, दिलं."

"सर," मुन्शीजी इंग्रजीत म्हणाले, "कृपया कॉफी घ्या."

साहेबाने तोंड वाकडं करत घेतली. थंड झाली होती.

पुढे आठवडाभर नुसती धमाल. तेवीस माणसं ट्रकमधून दुबईला आली. आमच्या मागणीमुळे शेख म्हणे गोऱ्यांवर भलताच खूश झाला. इजिप्तचा माणूस दुसऱ्या दिवशी घाईने जाऊन आपणही कैदी सोडवायला आलोय म्हणाला, तर गढीत सोडायला कोणी उरलंच नव्हतं. बड्या साहेबाने लंडनला खलिता धाडला, दूरदर्शी माणुसकीचं धोरण वगैरे. तो मीच टाइप केला. तीन प्रती.

मुन्शीजी मात्र तीन दिवसांनी स्वतःहून साहेबासमोर उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं. साहेब माणूस चांगला. पोट धरधरून हसला. "मुन्शी, तू तर माझं करिअर केलंस!" वर हातही मिळवला.

प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण पुढच्या खेपेला शेख काही बोलला, मुन्शीजींनी ते इंग्रजीत सांगितलं, आणि साहेबाने हळूच मागे माझ्याकडे पाहिलं. बरोबर ना, अशा नजरेने. मी मान हलवली. हलवायला नको होती. इतक्या वर्षांनंतरही ती मान मला छळते. मुन्शीजींनी ते पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी राजीनामा मलाच टाइप करायला आला. मी हातापाया पडलो. ते म्हणाले, "बाबू, यापुढे मी काहीही सांगितलं तरी साहेब विचार करणार, हे शेखाचं की मुन्शीचं? आणि त्यांनी तसा विचार करावा हेच योग्य." मग दारातून मागे वळून म्हणाले, "माझ्या भावाला सांगू नका हं. थोरला आहे तो. धाकट्याच्या उपकाराखाली राहणं त्याला जमायचं नाही." मी हो म्हणालो.

मुंबईची बोट धरून ते गेले. त्यांच्या जागी लेबनॉनचा एक हुशार माणूस आला. तो अरबी फार सुंदर बोलायचा, आणि साहेबाच्या आवडीचं तेवढंच सांगायचा.

दोनेक महिन्यांनी एक उंच, रापलेला माणूस खिडकीशी आला. खाडीपलीकडे देऱ्याच्या धक्क्यावर माल चढवतो म्हणाला. मी पाहताक्षणी ओळखलं. नाक तेच होतं.

"मना एक नाव लिहून द्या," तो म्हणाला. "ज्या साहेबाने आम्हाला सोडवलं त्याचं. आमची आई गावी रोज दुवा मागते, पण नाव न घेता किती दिवस मागणार?"

मी कागद ओढला.

"माझा धाकटा भाऊ इथेच होता हो," तो सांगत राहिला. "साहेबाच्या मांडीला मांडी लावून बसायचा. अकरा दिवस मी गढीत सडलो, पण सख्ख्या भावासाठी याच्याने एक शब्द निघाला नाही. परक्याला माझी दया आली. आता नोकरी सोडून घरी बसलाय. मी त्याला खतसुद्धा लिहीत नाही."

दिलेला शब्द मोडणं वाईट, हे मलाही कळतं. पण एकदा चुकीच्या वेळी मान हलवून बसलो होतो. दुसऱ्यांदा गप्प बसणं मला झेपेना. मी मराठीत, मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं आणि कागद खिडकीतून पुढे सरकवला.

तो चौथी शिकलेला असावा. बोट ठेवून एकेक अक्षर लावत त्याने वाचलं, पहिलं नाव, मग बापाचं, मग गावाच्या नावाचं आडनाव. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"हे तर आमच्या घरचंच नाव," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो.

तो भिंतीकडेच्या बाकावर जाऊन बसला. कागद गुडघ्यावर होता आणि त्यावर तळहात. एक वाजता कचेरी बंद व्हायची. शिपाई किल्ल्या घेऊन आला, तेव्हा मी त्याला म्हणालो, तू जा, दार मी लावतो.