बहियाचा हातगुण

नाईलकाठच्या त्या गावात सुईण बहियाचा हातगुण प्रसिद्ध होता. कितीही रडणारं पोर तिच्या हातात आलं की गप्प व्हायचं.

इन्शिराहच्या लेकीनं मात्र जन्मल्यापासून रडून घर डोक्यावर घेतलं होतं. दूध ओढतानाही ती घुसमटायची. सातव्या दिवशी रिवाजाप्रमाणे तिला चाळणीत निजवून बायकांनी कानाशी पितळी खल कुटला, तशी तिनं टाहो फोडला. बहियानं तिला छातीशी धरलं. पोर गप्प झालं.

"गप्प करावं तर बहियानंच!" इन्शिराहची सासू फिकरिया कौतुकानं म्हणाली.

पण पोरीचे ओठ निळे पडत होते. घाबरून बहियानं तळपायावर चापट मारली. पोर रडलं आणि पुन्हा गुलाबी झालं.

"मारतेस काय गं मेले!" इन्शिराह ओरडली.

तरी पोरीला रडतं ठेवतच बहियानं इस्पितळ गाठलं. तिथं डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या तोंडात नळी बसवली. "जन्मतःच नाकाची वाट मागून हाडानं बंद आहे. तोंड मिटलं की श्वास कोंडतो. ऑपरेशन करून वाट मोकळी करू. रडत राहिली म्हणून वाचली."

इन्शिराह रडत बहियाचे हात चुंबू लागली. फिकरिया त्या हातांकडे टक लावून बघत होती.

"बहिया," ती हळूच म्हणाली, "पाळण्यातच गेलेला माझा थोरलाही असाच रडायचा. तुझ्याच मांडीवर गप्प झाला होता ना गं?"