परातीच्या बुडाचं नाव

नेकनूरला आमचं भांड्यांचं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी आणि लग्नसराईत मला मान वर करायला फुरसत नसते, कारण भांड्यांवर नावं घालायचं काम माझ्याकडे. आधी ते नवरा मशीननं करायचा. मशीन टरटर करायची, अक्षर ठिपक्याठिपक्यांचं यायचं, आणि भांडं पातळ असलं की आतून फोड उठायचे. गिऱ्हाईक मात्र भांडायला माझ्याकडे. शेवटी म्हटलं, सरका तिकडं, मीच करते.

बारावीला मला सायन्स होतं. प्रॅक्टिकलला मोरचुदाच्या पाण्यात तांब्याच्या दोन पट्ट्या सोडून करंट दिला होता. एक पट्टी झिजत गेली, दुसरी भरत गेली. पुढं लग्न झालं, पुस्तकं गेली, पण ते डोक्यात राहिलं. तेच मी दुकानात आणलं. भांड्याला नेलपॉलिशचा पट्टा लावायचा. वाळला की त्यात सुईनं नाव कोरायचं, म्हणजे तेवढ्याच रेघांत स्टील उघडं पडतं. मोटरसायकलच्या जुन्या बॅटरीची लाल वायर भांड्याला जोडायची आणि काळी वायर खिळ्याला. खिळ्याला कापूस गुंडाळायचा, मिठाच्या पाण्यात बुडवायचा आणि नावावर धरायचा. बारीक चरचर होते, फेस येतो, कापूस हिरवट-काळा पडतो. पहिल्या वेळी मी वायरी उलट्या जोडल्या, तर भांडं जसंच्या तसं आणि खिळाच कुरतडलेला. नवरा लई दिवस हसत होता. हसू दे बापडा, त्याच्या मशीनवर आता धूळ बसलीय.

लोकांना वाटतं मी भांड्यावर काहीतरी लावते. लावत काहीच नाही. तिथलं स्टील निघून कापसात येतं, आणि जे गेलं तेच नाव म्हणून दिसतं. म्हणून ते घासून जात नाही. नेलपॉलिशमध्ये कोरलेलं असतं तोवर मन बदलता येतं, थिनरचा बोळा फिरवला की साफ. एकदा कापूस टेकला की झालं ते झालं.

आमच्याकडे आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं, आणि देणारा म्हणजे पुरुष. भांडं बाईनं घेतलं तरी नाव नवऱ्याचं. नवरा वारलेला असला तर पुढं ‘कै.’ लावायचं, पण नाव त्याचंच. अशी किती नावं मी घातली असतील. माझा हात कधी अडला नव्हता.

मग एका वर्षी माय आली. ती अजूनही माझ्या भाऊ-भावजयीबरोबर ऊसतोडीला जाते. कारखान्यावरून परतली ती घरी टेकायच्या आधी दुकानात. भावाच्या पोरीचं लग्न ठरलं होतं आणि मायला नातीला स्वतःच्या मजुरीतून परात द्यायची होती. बोटाच्या पेरानं टकटक करत तिनं कितीतरी पराती नापास केल्या आणि सगळ्यात जड निवडली. मग म्हणाली, “तुज्या बापाचं नाव घाल.”

माझं डोकंच फिरलं. बाप वाईट नव्हता, पण त्याला जाऊन वर्षं लोटली. ही परात मायच्या कंबरेतून आली होती.

“मोळ्या तू बांधायच्या आन् नाव त्यांचं कावून?”

“रीत हाय तशी. माजं घातलं तर लोक म्हणतील, म्हातारीला लई चढलंय.”

“लोकांनी घेतलीय का परात?”

“घाल गप.”

मायला लिहिता-वाचता येत नाही. मी मनात म्हटलं, हिला काय कळणार हाय? दातओठ खात परातीच्या बाहेरच्या अंगाला मायचंच नाव कोरलं. ती समोर चहा पीत माझ्या हाताकडं बघत होती, एकदम निवांत, आपलं सांगितलेलं होतंय म्हणून. कापूस भिजवला, पण हात खाली जाईना. लग्नात आहेर माईकवरून पुकारतात. मांडवात तिचं नाव घुमलं असतं आणि ती पदर ओढून मेल्याहून मेली असती. वाचता येत नाही म्हणून आपल्याच मायला फसवायचं, हे मला झेपेना.

“माय, हे तुझं नाव हाय. त्यांचं न्हाई.”

वाटलं आता शिव्या घालणार. तिनं कप खाली ठेवला. अक्षरांजवळ बोट नेलं, पण लावलं नाही.

“असं असतंय व्हय,” ती म्हणाली. “एवढंच?”

“एवढंच.”

मला एकदम रडू आलं. हिला नावानं हाक मारणारं उरलंच कोण होतं? बाप ‘अगं’ म्हणायचा. गावासाठी ती भावाची आई, नातवंडांसाठी आजी. नांदूरघाटचे तिचे आईबाप नावानं हाक मारायचे, ते केव्हाच गेले.

बराच वेळ बघून झाल्यावर माय म्हणाली, “पूस ते.” मी पुसलं. मग तिनं स्वतःच परात उचलून उपडी घातली आणि बुडावर थाप मारली.

“हितं घाल.”

“तिथं कोण बघतंय, माय?”

“जी घासंल ती बघंल.”

बाहेरून बापाचं नाव घातलं, ‘कै.’सकट. बुडाला मायचं. कापूस चरचरत होता तोवर माय वाकून बसली होती. “निघतंय का?” तिनं विचारलं. म्हटलं, “निघतंय.”

लग्नात माईकवरून बापाचं नाव पुकारलं. मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि समाधानानं बसली. परात उलटी करून कुणी बघितली नाही.

पुढं दिवाळीच्या सुमारास, पुन्हा तोडीला जायच्या आधी, माय माझ्याकडे राहायला आली होती. पुढच्या खोलीत माझा फोन वाजला. भाची होती, सासरहून. माझे हात फराळाच्या पिठाचे, म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

“आत्या, आज परात घासायला घेतली तर बुडाला कायतरी लिवलेलं दिसलं.”

“वाच की मग. मोठ्यानं वाच.”

तिनं वाचलं. एकच शब्द, मोठ्यानं.

आत माय चुलीपुढं भाकरी थापत होती. तिला फोनचा पत्ताच नव्हता. तिचे हात थांबले. तिनं मागच्या दाराकडं बघितलं आणि म्हणाली, “ओ. आले.”