बाराला मागं फिरायचं

पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यात, दाट जंगलातून चढणारी एक वाट आहे. ती एकदा चढायची, हे मी पन्नाशी उलटल्यावर ठरवलं. मी सांगलीची, शाळेत भूगोल शिकवणारी. डोंगर बहुतेक फळ्यावरच काढलेले. सोबतीला माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान, फौजेतून निवृत्त होऊन उंब्रजला ऊस बघणारे.

त्यांच्या घराच्या सोप्यात बेत ठरला. मी मोबाइलवर नकाशा उघडला. "दाजी, चारच किलोमीटर आहे. दोन तासांत माथा."

ते हसले. "आगं, तुजा नकाशा आडवा हाय. आपल्याला उभं जायाचं हाय." मग एकेक सांगत गेले. माणशी तीन लिटर पाणी, भाकरी, गूळ. सातला चढाई सुरू. "आन् बारा वाजलं की जितं आसू तितनं मागं. माथा हातभर ऱ्हायला तरी बी. सांजच्याला गवं बाहेर पडत्यात, त्येच्या आत खाली पायजे." मी मान डोलावली. तेव्हा सोपं वाटलं होतं.

वनखात्याच्या चौकीवर परवानगी घेतली आणि पायथ्याच्या वाडीतले एक मामा वाटाड्या म्हणून पुढे झाले. पहिला तासभर मी बोलत होते. मग शब्द संपले. वाट इतकी उभी की डोळ्यांसमोर फक्त दाजींच्या बुटांच्या टाचा. मुळं धरून वर ओढून घ्यायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं. वर पानांचं छत असं मिटलेलं की दहा वाजता पहाटच वाटत होती. तिघांच्या कवेत न मावणारी झाडं. त्यांच्याखाली मी आपोआप हळू आवाजात बोलू लागले.

झाडीतून आभाळ दिसायला लागलं तेव्हा मामा म्हणाले, "आता पाव घंटा." दाजींनी घड्याळ पाहिलं आणि खडकावर बसले. बारा वाजले होते.

"दाजी, पाव तासच!"

"ठरलं तवा तू बी व्हय म्हनालीस."

मला रडू आलं. त्यांनी गुळाचा खडा पुढे केला. मी घेतला नाही.

तेवढ्यात डोक्यावर आवाज झाला. कुणी जाड घोंगडं लयीत झटकावं तसा. "हलू नगा," मामा कुजबुजले, "धनेश." पिवळ्या अवजड चोचींच्या पक्ष्यांची जोडी समोरच्या उंबरावर उतरली. नर फळ तोडायचा, हवेत उडवून झेलायचा, मग मादीकडे सरकून तिच्या चोचीत द्यायचा. किती वेळ, कुणास ठाऊक. श्वास घेतलेलाही आठवत नाही. दोघं उडाले आणि त्या पंखांचा आवाज दरीतून लांबपर्यंत येत राहिला.

दाजींनी टोपी काढून हातात धरली होती. "फौजेत लय डोंगर बगितलं," ते म्हणाले, "पन तितं नजर कायम पल्याडच्या चौकीवर. झाडाकडं कवा बगितलंच न्हाई."

आम्ही उतरू लागलो. वाटेत मी दाजींकडून तो गुळाचा खडा मागून घेतला.