अर्धा करार

मी नववीत असताना मोठ्या काकांनी पावसजवळच्या आमच्या आंब्याच्या कलमांच्या बागेचा हद्दीवरचा दगडी गडगा पुन्हा रचून घेतला. रचताना चिरे हातभर शेजाऱ्याच्या जागेत सरकले. बाबा तिथेच उभे होते. "दादा, जुना पाया इकडे आहे," एवढं ते म्हणाले. काकांनी ऐकलं नाही आणि बाबा पुढे बोलले नाहीत.

शेजाऱ्याने सरकारी मोजणी आणली. मोजणीदाराने बाबांना विचारलं, "जुना गडगा कुठे होता?" बाबांनी जागा दाखवली. काकांना चारचौघांसमोर गडगा उतरवावा लागला. त्या दिवसापासून त्यांनी आमच्याकडे येणं सोडलं. चुलत बहीण शाळेच्या एसटीत माझ्यापासून लांब बसू लागली. मला राग त्याचाच जास्त होता.

"गप्प राहिला असतात तर काय बिघडलं असतं?" मी बाबांना विचारलं.

"एकदा गप्प राहिलोच होतो की," ते म्हणाले.

रत्नागिरीतल्या आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. त्या महिन्यात सगळे भाकर आणि प्याला घ्यायला पुढे गेले, बाबा बाकावरच बसून राहिले. घरी आल्यावर आई चिडली.

"तुम्ही खरं बोललात, देवाचंच ऐकलंत. मग ही शिक्षा कसली?"

"शिक्षा नाही. भावाच्या मनात आपल्याविषयी काही असेल तर आधी त्याच्याकडे जायचं, मग वेदीपाशी यायचं, हेही त्यानेच सांगितलंय. तो प्याला म्हणजे देवाशी करार आहे. सोयीचा तेवढा अर्धा पाळायचा, असं कसं?"

मग ते दर शनिवारी संध्याकाळी काकांकडे जाऊ लागले. काकू पाणी देई. काका आत टीव्ही बघत बसत. बाबा अर्धा तास ओटीवर बसून परत येत. असे पाच महिने गेले. "तुमच्याकडून तुम्ही केलंत, आता घ्या," असं चर्चच्या पाळकसाहेबांनीही समजावलं. बाबांनी मान डोलावली आणि पुढच्या प्रभुभोजनालाही बाकावर बसूनच राहिले. मला तो हट्ट वाटायचा. अजूनही थोडा वाटतो.

शेवटी एका सकाळी काकाच आले. चप्पल न काढता पायरीवर उभे राहिले.

"लोक मला विचारतात, तुझा भाऊ का उठत नाही म्हणून. तू तिकडे बसतोस आणि इकडे माझ्या घशाखाली भाकर उतरत नाही. घे रे बाबा एकदाचं."

"तू माफ केलंस, दादा?"

"ते विचारू नकोस." मग म्हणाले, "गडगा चुकीचाच होता."

आईने चहा आणला. काकांनी तो उभ्याउभ्याच प्यायला.

पुढच्या पहिल्या रविवारी बाबा उठले. रांगेत काका त्यांच्या मागे दोन माणसं सोडून होते. बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, "फवारणी कधी धरतोस?" बाबांनी वार सांगितला.

चुलत बहीण आणि मी मात्र पुन्हा पूर्वीसारख्या झालो नाही. आम्हाला एकमेकींकडे जायला कोणी सांगितलंही नव्हतं.