विमानातलं पाणी आणि पांढऱ्या मातीची शाळा

अकोल्याच्या जुन्या भागातल्या मुलींच्या शाळेत मी मास्तरीण होते. एकोणीसशे साठनंतरची वर्षं ती. इमारत शंभरीच्या पुढची. खाली दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागाचे वासे आणि कवेलूचं, म्हणजे कौलांचं छप्पर. दुपारी वर्गात शिकवता शिकवता आपणच पेंगतो आहोत असं वाटायचं, इतका तिथला उजेड मऊ होता.

त्या दिवसांत गावाबाहेरच्या कपाशीवर एक लहानसं विमान औषध फवारायला यायचं. त्याची घरघर आली की मुली खिडकीकडे बघत राहायच्या. मीही बघायची.

अशाच एका दुपारी, मुली जेवायला घरी गेलेल्या असताना, छपरातून धूर निघू लागला. शेजारच्या भट्टीतली ठिणगी उडाली असावी, असं पुढे लोक म्हणत. मी रस्त्यावर येऊन उभी राहिले. आगीचा बंब आला, पण गल्ली अरुंद, तो तोंडाशीच अडकला. नळी लांबवेपर्यंत कवेलूंच्या फटींतून ज्वाळा दिसायला लागल्या. नेमकं तेव्हाच ते विमान शहराच्या कडेनं, संथपणे, चांदीच्या माशासारखं गेलं.

शाळेची डागडुजी करणारे म्हातारे मिस्त्री माझ्या शेजारी उभे होते. मुलींप्रमाणे मीही त्यांना चाचा म्हणायची. मी म्हटलं, "चाचा, त्या विमानातून पाणी नाही का टाकता येणार?"

त्यांनी वर पाहिलंही नाही. "बाई, आग कवेलूच्या खाली हाये, वाशात. वरून टाकलेलं पानी कवेलूवरून वाहून जाईन. अन् येवढं वजन एकदम पडलं तं छप्पर खाली बसन. ह्या भिंती मातीच्या हायेत, भिजल्या का गेल्या."

"मग काय करायचं?"

"आगीच्या पुढे जाऊन तिची वाट तोडाची."

ते करवत घेऊन दोन बंबवाल्यांबरोबर शिडीवर चढले. आग न पोचलेल्या भागातले कवेलू त्यांनी काढून खाली दिले, वासे कापले, मधे चार हात मोकळी जागा केली. तिथून आत पाणी मारायला सांगितलं. "हळू मारा, भिंतीवर नका," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. आग त्या मोकळ्या जागेपाशी येऊन थबकली. तिसऱ्या प्रहरी ती विझली.

अर्धं छप्पर गेलं, अर्धं राहिलं. ज्या भिंतीवर नळीचं पाणी उतरलं होतं ती संध्याकाळी आमच्या डोळ्यांदेखत वाकली आणि काहीही आवाज न करता, झोपल्यासारखी खाली बसली. चाचा म्हणाले, "पाहिलं बाई? हे तं नळीचं पानी होतं."

पुढे कितीतरी वर्षं मला एक स्वप्न पडायचं. विमान शाळेवर ढगभर पाणी सोडतं, आग विझते, पण शाळाही विरघळून जाते. आणि मी घोट्याएवढ्या पांढऱ्या पाण्यात फळा शोधत फिरते. भीती वाटायची नाही, फक्त फळा सापडायचा नाही.

चार महिने वर्ग धर्मशाळेत भरले. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आम्ही परतलो, तेव्हा चाचा नव्या भिंतीला गाल टेकवून उभे होते. ओल गेली का ते बघत होते. मुलींना म्हणाले, "अजून दोन रोज पाठ टेकू नका." मुली दोन दिवस ताठ बसल्या.