अंगणातलं लिंबू

शेजारच्या बाई दारव्ह्याला तहसील कार्यालयात कारकून आहेत आणि लॉन बोल्समध्ये भारताकडून खेळतात. जड चेंडू घरंगळवायचा. तो वळसा घेत छोट्या पांढऱ्या चेंडूजवळ थांबला पाहिजे. इथं हिरवळ कुठली? बाई सारवलेल्या अंगणात लिंबू ठेवून सराव करतात. चेंडूमागं वाकडी मान करून चालतात, "थांब नं बाप्पा!" म्हणून त्याला विनवतात. गल्लीनं ही करणीच ठरवली आणि लोक रस्ता बदलू लागले. मी विज्ञानाचा मास्तर, मनसोक्त हसलो.

परवा बाई परदेशातून पदक घेऊन आल्या. सकाळी हार घेऊन गेलो, तर अंगणात लिंबू. माझे पाय आपोआप लांबून वळले.

बाई चेंडू पुसत म्हणाल्या, "चेंडू बी असाच वळते, सर. पण थो लिंबाले भेत नाही."