भाजक्या मातीच्या वड्या

सांगतो, पण चहाचा घोट तोंडात असेल तर आधी गिळून घ्या. माझ्या शहाणपणाचे असे धिंडवडे निघालेले तुम्ही ऐकले नसतील!

एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी जळगावात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो आणि सोबत पीएचडी करायचो. विषय उत्प्रेरकांचा. उत्प्रेरक म्हणजे काय? स्वतः जसाच्या तसा राहून दुसऱ्यांना कामाला लावणारा पदार्थ! (हसू नका, मी पदार्थाबद्दलच बोलतोय.) तापीकाठची चिकणमाती आणायची, तिच्या लहान लहान वड्या भट्टीत भाजायच्या आणि मग त्यांच्यावर लोहाचे अतिसूक्ष्म कण चढवायचे. भाजलेल्या वड्या मी घरी डब्यात ठेवायचो. कॉलेजच्या कपाटाला कुलूप नव्हतं, आणि मला वाटायचं सगळं जग माझ्या शोधावर टपून बसलंय.

आणि खरंच वड्या कमी व्हायला लागल्या की हो!

मी रोज वजन करू लागलो. आज तीन ग्रॅम कमी, उद्या पाच. उंदीर? उंदीर माती कशाला खाईल! संशय गेला शेजारच्या चौधरी सरांवर. ते रोज चहाला यायचे. त्यांचा चहाच बंद केला. बिचाऱ्यांना आजतागायत कारण माहीत नाही.

एका दुपारी लवकर घरी आलो. स्वयंपाकघरातून कुरुम कुरुम आवाज. बघतो तर आमची बायको सुनंदा, सातवा महिना लागलेली, डबा मांडीवर घेऊन बसलेली! ओठांना माती!

"सुनंदा! काय केलंस हे?"

"अहो, इतका छान वास येतो त्यांना. राहवतच नाही."

तिला माहेरी न्यायला शिंदखेड्याहून सासूबाई आल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "जवाईबापू, इतलं काय घाबरतस? डोहाये लागनात का माटी बठ्ठ्या खातीस. मी बी खायेल शे!" म्हणजे डोहाळे लागले की माती सगळ्याच खातात, त्यांनीही खाल्ली होती!

मी कसला ऐकतोय! त्या भट्टीत आणखी काय काय भाजलं जातं ते मला ठाऊक. बाळाला काही झालं तर? दोघींना रिक्षात कोंबलं, डबा छातीशी धरला आणि दवाखान्यात घुसून ओरडलो, "बाई! बायकोनं माझं संशोधन खाल्लं!"

बाकांवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या.

डॉक्टरीणबाईंनी सुनंदाला तपासलं, बाळाचे ठोके ऐकले. "बाळ छान आहे. काय आहे या वड्यांत?"

"नुसती माती. लोह अजून चढवायचं होतं."

"बरं. ही माती आजपासून बंद. किती खाल्ली असेल?"

हा प्रश्न तर माझाच! मी खिशातून कागद काढला. रोजची घट, तारीखवार, अगदी दशांशापर्यंत! छाती फुगवून पुढे केला.

बाईंनी वाचला. मग उलटून पाहिला.

"सर, ही तर माझीच चिठ्ठी. मागच्या महिन्यात हिला लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. आणल्याच नाहीत?"

"हे म्हणाले, मी आणतो, तुला त्यातलं कळत नाही," सुनंदा म्हणाली.

"अहो, अंगात लोह कमी पडलं की पुष्कळ जणींना माती खावीशी वाटते." बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "बरं सर, तुमचं ते संशोधन कशावर चाललंय म्हणालात?"

मी डबा हळूच पाठीमागे लपवला. शेवटी सुनंदानंच सांगितलं, "लोहावर."